पैलवानाचा वाली कोण?

संत तुकारामनगर हा पिंपरीचा जुना, नांदता भाग. एका बाजूला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वायसीएम. जवळच वल्लभनगरचा एसटी स्टँड, आचार्य अत्रे रंगमंदिर, म्हाडाच्या इमारती. मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली तेव्हा पहिल्याच टप्प्यात या वसाहतीच्या नावाचं स्टेशन झालं. इथून नाशिक फाटा ओलांडला की भोसरी, पुढे मोशी आणि मग खेड तालुक्यातलं चाकण. पाळ्यांवर जगणाऱ्या कामगारांचा, कंत्राटी पोरांचा, कंपन्यांच्या बसगाड्यांचा हा पट्टा आहे, आणि तितकाच तो पैलवानांचाही आहे. गावं शहरात आली, शेतात कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, तरी जत्रेतला कुस्त्यांचा आखाडा इथे अजून भरतो.

या पट्ट्यातल्या विशीतल्या पोरांमध्ये अलीकडे एक वाद हमखास रंगतो. बॉक्सिंग भारी की एमएमए? मोबाइलवर दोन्हीकडचे तुकडे दिवसभर दिसतात. एका गटाच्या तोंडी मेवेदर आणि टायसन, दुसऱ्याच्या तोंडी खबीब आणि मॅकग्रेगर. एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्स. त्यात ठोसा, लाथ, गुडघा, कोपर चालतं. पट काढून पाडता येतं आणि पाडल्यावर सांधा पिरगळून किंवा गळा आवळून हार कबूल करायला लावता येतं. लढत जाळीच्या कुंपणात होते, म्हणून पोरं त्याला सरळ पिंजरा म्हणतात. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच.

वाद मला आवडतो, कारण त्यात पोरांचा जीव गुंतलेला असतो. पण या लेखात मला ज्याची काळजी आहे तो प्रश्न वेगळा आहे. कोणता खेळ जास्त खतरनाक, यावर कुठल्याच लढाऊ खेळाचं भवितव्य ठरत नाही. लढत संपल्यावर खेळाडूची जबाबदारी कोण घेतं, त्याच्या डोक्याची, वजनाची, पोटाची आणि तिशीनंतरच्या आयुष्याची, त्यावर ते ठरतं. या कसोटीवर बॉक्सिंग, एमएमए आणि आपली कुस्ती, तिघांनाही तपासून पाहायला हवं.

निकाल केव्हाच लागला आहे

आधी वादाचं उत्तर देऊन टाकू. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी समोरासमोर आले. इनोकी पंधरा फेऱ्यांतला बहुतेक वेळ जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले, पण अलीच्या पायांची अवस्था वाईट झाली. उभं राहून ठोसा मारण्याची कला जमिनीवर पडलेल्या माणसापुढे हतबल होते, हे त्या दिवशी जगाने पाहिलं.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमए मालिकेतली पहिली स्पर्धा झाली. त्यात आर्ट जिमर्सन नावाचा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला आणि सडपातळ रॉयस ग्रेसीच्या खाली सापडल्यावर हार मानून मोकळा झाला. २०१० मध्ये तर प्रयोग अगदी स्वच्छ झाला. अनेक वजनगटांत जगज्जेता राहिलेला बॉक्सर जेम्स टोनी पिंजऱ्यात उतरला. समोर ग्रीको-रोमन कुस्तीतून आलेला सत्तेचाळीस वर्षांचा रँडी कूटूर. त्याने सुरुवातीलाच खाली वाकून टोनीच्या पायाला हात घातला. आपल्याकडचा कुठलाही वस्ताद ज्याला एकेरी पट म्हणेल, तोच डाव. टोनी खाली गेला तो उठलाच नाही. पहिल्याच फेरीत गळा आवळला गेला.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. २०१७ मध्ये कॉनर मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या नियमांनी फ्लॉइड मेवेदरशी लढला आणि दहाव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. एमएमएचा हेवीवेट विजेता फ्रान्सिस न्गानूने ऑक्टोबर २०२३ मध्ये टायसन फ्युरीला एकदा खाली पाडलं आणि निसटत्या गुणांनी हरला. पण मार्च २०२४ मध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीतच बेशुद्ध केलं. थोडक्यात, ज्याचं अंगण त्याचा विजय. नियम ठरले की अर्धा निकाल ठरतो.

तालमीतून पिंजऱ्याकडे

आपल्यासाठी यातली खरी गोष्ट कूटूरच्या पटात आहे. एमएमएमध्ये लढत उभ्याने चालवायची की जमिनीवर, हे ज्याला ठरवता येतं त्याचं पारडं जड असतं, आणि ते कुस्तीगीराला ठरवता येतं. दागेस्तानच्या डोंगरांत कुस्ती खेळत वाढलेला खबीब नुरमागोमेदोव २९ लढती खेळला, एकही हरला नाही आणि २०२० मध्ये निवृत्त झाला. मग पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या, मानेवर भार तोलणाऱ्या, पट आणि ढाक रक्तात मुरलेल्या आपल्या पोरांना तिथे जागा का नसावी?

जागा आहे, पण वाट सरळ नाही. महाराष्ट्राच्या भरत खंडारेने ती आधी चालून पाहिली. भारतात वाढलेला, कुस्तीतून आलेला हा खेळाडू यूएफसीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला त्याची लढत चीनच्या साँग यादोंगशी झाली आणि पहिल्याच फेरीत तो गिलोटिन चोकमध्ये सापडला. हा चोक म्हणजे समोरच्याचं डोकं काखेत घेऊन हाताने गळा आवळायचा. पट काढायला डोकं खाली घालून शिरणाऱ्या कुस्तीगीराची मान नेमकी याच डावाला आयती मिळते.

अडचण अशी की पैलवानाच्या अंगात भिनलेली काही सर्वांत चांगली शिकवणच पिंजऱ्यात त्याच्या विरुद्ध जाते. कुस्तीत पाठ टेकली की सगळं संपलं. म्हणून पोरगा लहानपणापासून एकच गोष्ट घोकतो: खाली गेलास तर पालथा पड, पोट मातीला चिकटव, कोपरं आत घे, मान दाबून धर आणि समोरच्याला उलटवू देऊ नकोस. मातीत आणि मॅटवर हा बचाव पक्का असतो. एमएमएमध्ये याच पवित्र्यात पाठ उघडी पडते. समोरचा पाठीवर स्वार होतो, टाचा मांड्यांत अडकवतो, एक हात हनुवटीखाली सरकवतो, आणि काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथे पैलवानाला उलटं शिकावं लागतं. पाठीवर पडायला घाबरायचं नाही, उताणं पडून पायांनी समोरच्याला बांधून ठेवायचं, तिथूनही जिंकता येतं. दहा-बारा वर्षांच्या सरावाने हाडात उतरलेली सवय मोडायची म्हणजे मन मोडण्यासारखंच आहे.

बॉक्सरचंही तसंच. या भागातल्या एखाद्या वर्गात संध्याकाळी डोकावलं तर फोमच्या लाद्यांवर नवी पोरं हाताला पट्टी बांधताना दिसतात. साडेचार मीटरची पट्टी. फास अंगठ्यात अडकवायचा, मनगटाला तीन-चार वेढे, मग बोटांच्या पेरांवर, मग बोटांच्या मधून आणि परत मनगटावर. घाईने बांधली तर पहिल्याच जोरदार हुकला मनगट मुरगळतं. पट्टी बांधण्यातच शिस्तीचा पहिला धडा असतो. पुढे पाय पुढे-मागे ठेवून, बाजूने उभं राहायला शिकवतात. जॅबला लांबी मिळते आणि अंग कमी उघडं पडतं. पण पिंजऱ्यात तोच पुढचा पाय पोटरीवरच्या लाथेला आणि एकेरी पटाला सर्वांत जवळ असतो. ग्लोव्हजही बदलतात. बॉक्सिंगचे साधारण ८ ते १२ औंसांचे, त्यांच्या आड चेहरा लपवता येतो. एमएमएचे ४ औंसांच्या आसपासचे, बोटं उघडी. त्यांच्या फटीतून ठोसा आत शिरतो.

तेव्हा थोडं बॉक्सिंग आणि थोडी कुस्ती एकत्र केली की एमएमए झालं, असं होत नाही. तो स्वतंत्र खेळ आहे आणि त्याला स्वतंत्र वस्ताद लागतो. पुस्तकावर किंवा मोबाइलवर तो शिकता येत नाही. सहा महिन्यांचा कोर्स करून दुसऱ्याला गळा आवळायला शिकवणारा माणूस पोरांच्या जिवाशी खेळत असतो.

मालक आहेत, पालक नाहीत

खेळाडू कितीही तयार असला तरी तो कुणाच्या छत्राखाली लढतो हे महत्त्वाचं. इथे तिन्ही खेळांची कहाणी दुःखद आहे.

बॉक्सिंगमध्ये राज्यकर्तेच फार. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये चार प्रमुख संघटना चार वेगळे पट्टे देतात आणि एकाच वजनात चार-चार जगज्जेते होऊ शकतात. हौशी बॉक्सिंगची अवस्था त्याहून बिकट झाली होती. आर्थिक आणि कारभाराच्या गोंधळामुळे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जून २०२३ मध्ये जागतिक संघटनेची मान्यताच काढून घेतली. वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना उभी राहिली, तिला फेब्रुवारी २०२५ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली आणि त्यानंतरच्या महिन्यात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहणार हे नक्की झालं. तोवर जगभरच्या बॉक्सरांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. भारताने हे आधीच भोगलं होतं; डिसेंबर २०१२ मध्ये आपला महासंघ निलंबित झाला आणि घडी बसायला चार वर्षं गेली.

एमएमएमध्ये राज्यकर्ता नाही, मालक आहे. यूएफसी ही कंपनी आहे. लढत कुणाची कुणाशी, कधी, किती पैशांत, हे तीच ठरवते. बॉक्सरांना प्रवर्तकांच्या मनमानीपासून थोडं संरक्षण देणारा मुहम्मद अली कायदा अमेरिकेत २००० मध्ये झाला, पण तो एमएमएला लागू नाही. आपलं मानधन दाबून ठेवल्याचा दावा करत लढवय्यांनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि शेवटी ३७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. आपल्याकडे मार्च २०१२ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम थाटात झाला. सुरुवातीचा तो जोर टिकला नाही. २०१९ पासून मॅट्रिक्स फाइट नाइटने लढतींचा सिलसिला चालू ठेवला आहे. प्रवर्तकांनी मंच दिला याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. पण मंच देणारा आणि सांभाळणारा एकच असेल, तर खेळाडूने दाद मागायची कुणाकडे?

आणि कुस्ती? आपल्या घरचीच गोष्ट आहे, म्हणून ती जास्त टोचते. राज्याच्या कुस्तीगीर परिषदेतल्या भांडणामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या, एक पुण्याजवळ फुलगावला, दुसरी धाराशिवला. फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. शिवराज याच पट्ट्याचा, राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला त्याने आधीच गदा मिळवली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळशी झालेल्या लढतीत आपली पाठ टेकली नव्हती असा त्याचा आक्षेप होता. त्या रागात त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात किंवा पाय उगारणं अक्षम्य आहे, यात दुमत नाही. पण वर्षभराच्या खुराकाचा, मेहनतीचा निकाल एका क्षणाच्या नजरेवर लागत असेल, तर चित्रफीत पाहून तिथल्या तिथे दाद मागण्याची सोय ही चैन राहत नाही. ती खेळाडूची गरज होते.

डोकं आणि वजन

लढाऊ खेळांत सर्वांत महाग किंमत मेंदू मोजतो. डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेल्या बॉक्सरांची बोली अडखळते, चाल बदलते, हे अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच नोंदवलं होतं. मग एमएमए जास्त धोक्याचं की बॉक्सिंग? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दहा वर्षांच्या तपासण्या धुंडाळल्या. एमएमएच्या सुमारे ५९ टक्के खेळाडूंना काही ना काही दुखापत झालेली आढळली, बॉक्सरांमध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास होतं. पण शुद्ध हरपण्याचं प्रमाण बॉक्सरांत ७ टक्क्यांच्या घरात, एमएमएत ४ टक्क्यांच्या. पिंजऱ्यात रक्त जास्त दिसतं. बॉक्सिंगमध्ये इजा आत, न दिसणारी होते. दोन्हीकडे डॉक्टर लागतोच.

जुलै २०२२ मध्ये बंगळुरूला एका किकबॉक्सिंग लढतीत डोक्याला ठोसा बसून म्हैसूरचा २३ वर्षांचा तरुण कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. लढतीच्या ठिकाणी पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती, असा घरच्यांचा आरोप होता आणि आयोजकांवर गुन्हा दाखल झाला. ही बातमी वाचताना मला याच पट्ट्यातल्या हॉलमधल्या आणि मंगल कार्यालयांतल्या छोट्या स्पर्धा आठवतात. बॅनर मोठा असतो, पाहुण्यांचा सत्कार लांबतो. रुग्णवाहिका दाराशी उभी आहे का, हे विचारायचं राहून जातं.

वजनाची गोष्टही तशीच. कमी वजनाच्या गटात खेळून फायदा घ्यायचा म्हणून पोरं लढतीच्या आदल्या दिवशी पाणी तोडतात, घाम काढतात. डिसेंबर २०१५ मध्ये वन चँपियनशिप या एमएमए संघटनेचा चिनी खेळाडू यांग जियान बिंग असं वजन उतरवताना दगावला. त्यानंतर त्या संघटनेने शरीरातल्या पाण्याची तपासणी सक्तीची केली आणि नेहमीच्या वजनातच लढण्याचा नियम आणला. एका जिवाने नियम बदलला. आपण त्याची वाट पाहू नये. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी कुस्तीगीर विनेश फोगाट १०० ग्रॅम जादा वजनामुळे बाद झाली तेव्हा अख्खा देश हळहळला. त्या १०० ग्रॅममागच्या रात्रीची चर्चा मात्र कमीच झाली.

तिशीनंतर काय

चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागलेल्या पोराच्या बापाला तुम्ही एमएमए विचारलंत तर तो एकच विचारेल: यातून नोकरी लागते का? हा प्रश्न संकुचित नाही. महाराष्ट्रात कुस्ती टिकली त्यात या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा वाटा आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे हे पैलवान पोलीस उपअधीक्षक झाले. बॉक्सिंगलाही ही वाट खुली आहे. शिवाय लष्कर आहे, आणि पुण्यात मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट पोरांना लहान वयात उचलून घडवते. एमएमएला मात्र हे दार आजवर बंदच राहिलं. म्हणून अनेक जण आडवाटेने येतात. जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय स्त्री पूजा तोमर ही वुशू या चिनी मार्शल आर्टची राष्ट्रीय विजेती होती; वुशू मान्यताप्राप्त खेळ आहे.

मुलींचा विषय इथे मुद्दाम काढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलच्या जागतिक बॉक्सिंग स्पर्धेत जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्ण जिंकलं. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. लढाऊ खेळांत पुढची मोठी भर मुलींची असणार आहे. पण मुलीला संध्याकाळी वर्गाला पाठवताना आई जे पाहते, म्हणजे प्रकाश, कपडे बदलायची खोली, विश्वासाचा प्रशिक्षक, ते जिथे नसेल तिथे प्रतिभा असूनही उपयोग होणार नाही.

आता एक मोठा बदल आला आहे. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेच्या यादीत एमएमएला पदकाचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला. आपल्याकडे आशियाई पदकाला वजन आहे. रोख पारितोषिकं, थेट नियुक्त्या यांची गणितं त्याच्याभोवती फिरतात. पिंजरा आता फक्त कंपनीच्या मालकीचा राहणार नाही, देशाचा झेंडाही त्यात शिरतो आहे. माझ्या मते लढाऊ खेळांचं भवितव्य इथून वळण घेईल. बॉक्सिंग संपणार नाही, कारण त्याला ऑलिंपिकचं घर परत मिळालं आहे. एमएमए वाढेल, कारण ते पाहायला लोक आहेत आणि खेळायला कुस्तीगीर. कुस्ती या दोघांची जननी होऊ शकते, तिने स्वतःचं घर नीट ठेवलं तर.

काम इथूनच सुरू होऊ शकतं

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला पदक आणलं तेव्हा त्यांना तिथवर पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं होतं. आपण हे अभिमानाने सांगतो. पण सत्तर वर्षांनंतरही खेळाडूचा भार एखाद्या भल्या माणसाच्या घरावर पडत असेल, तर ती व्यवस्थेची हार आहे.

पिंपरी-चिंचवडकडे आज काय नाही? भोसरीत महापालिकेचं कुस्ती संकुल आहे. संत तुकारामनगरात महापालिकेचंच शेकडो खाटांचं रुग्णालय आहे, जिथे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणही चालतं. पैलवान आणि डॉक्टर एकाच महापालिकेच्या छपराखाली आहेत. त्यांची गाठ घालून द्यायची आहे. शहरात कुस्ती, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, एमएमए शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गाची नोंद व्हावी. स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीचं आरोग्यपत्रक वायसीएममध्ये तयार व्हावं. डोक्याला मार लागून लढत थांबली, तर बॉक्सिंगच्या नियमांत किमान ३० दिवस रिंग बंद असते. ती नोंद त्या पत्रकावर चढावी आणि शहरातल्या कुठल्याही आयोजकाला ती पाहिल्याशिवाय त्या पोराला लढवता येऊ नये. रुग्णवाहिका आणि डॉक्टर दाराशी असल्याशिवाय महापालिकेने हॉल किंवा मैदान देऊ नये. औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून विमा भरू शकतात. कबड्डी-कुस्तीच्या पोरांना नोकऱ्या देण्याची परंपरा या कारखानदारीत जुनी आहे, ती कंत्राटी भरतीच्या काळात पुन्हा जिवंत करायला हवी. आणि राज्य सरकारने आशियाई स्पर्धेच्या निमित्ताने एमएमए खेळाडूंना नोकरीच्या नियमांत स्पष्ट जागा द्यावी, म्हणजे पोरांना आडवाट धरावी लागणार नाही.

यातलं काहीच अवघड नाही. यासाठी ऑलिंपिक समिती लागत नाही की लास वेगासचा प्रवर्तक. एक ठराव, एक नोंदवही, आठवड्यातून एक ओपीडी आणि ती चालवणारी माणसं लागतात. बॉक्सिंग भारी की एमएमए, हा वाद पोरांनी खुशाल घालावा, त्यात त्यांचं प्रेम आहे. पोरं मोकळेपणाने लढावीत म्हणून त्यांच्यामागे उभं राहणं हे मोठ्यांचं काम, आणि ते करणारं पहिलं शहर पिंपरी-चिंचवड व्हावं.